हेल राहू द्या, उच्चार सांभाळा : ओईटी ते यॉर्कशायरचा वॉर्ड

युकेमध्ये नर्स म्हणून काम करायचं तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे, म्हणजे एनएमसीकडे, नाव नोंदवावं लागतं. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा लागते. आयईएलटीएस चालते, ओईटीही चालते. ओईटी ही खास आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी काढलेली परीक्षा, मूळची ऑस्ट्रेलियातली. गुण ५०० पैकी. एनएमसीला लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगमध्ये ३५० लागतात, रायटिंगमध्ये ३०० चालतात. मला तीन विषयांत हवे तेवढे गुण पडले. स्पीकिंगला ३२०.

मला ते पटेचना. व्याकरण बरं होतं, शब्द अडत नव्हते. पुण्यात आयसीयूत काम करताना डॉक्टरांशी, परदेशी विद्यार्थी-पेशंटांशी रोज इंग्रजीत बोलणं होत होतं. कुणी कधी "काय म्हणालात?" असं विचारल्याचं आठवत नव्हतं. मग अडलं कुठे? त्या निकालानंतर काय काय केलं आणि पुढे इंग्लंडच्या वॉर्डात काय कळलं, ते इथे लिहिते आहे. लातूर-नांदेडकडच्या नर्सिंग कॉलेजांतल्या मुली मला एकच प्रश्न विचारतात, "ताई, तिकडे जायला ॲक्सेंट लागतो का?" माझं उत्तर असं की ॲक्सेंट लागत नाही, उच्चार लागतो. आणि या दोन गोष्टी आपण फार वाईट रीतीने एकात एक मिसळून ठेवल्या आहेत.

मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. आमचा वर्ग त्याच्या थोडा आधीचा, म्हणून आमची एबीसीडी पाचवीत. बाई मनापासून शिकवायच्या, पण इंग्रजी त्यांच्याही कानावर कधी पडलेलं नव्हतं, तेही पुस्तकातूनच आलेलं. धड्यातल्या प्रत्येक ओळीच्या वर आम्ही पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहून घ्यायचो. गाइडमध्ये तर तो छापूनच यायचा. त्याने वाचता यायला लागलं, पाठ झालं, मार्क मिळाले. त्या पद्धतीला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही, कारण तिच्यामुळेच आमच्यासारख्या घरांतल्या मुली इंग्रजी वाचायला शिकल्या.

पण देवनागरीत उतरवताना इंग्रजीतले काही फरक पुसले जातात. लिहायचा तोही पेन आणि दुखतं तोही पेन. वजन म्हणजे वेट, थांबणं म्हणजे वेट, ओलं म्हणजेही वेट. शीर म्हणजे व्हेन, केव्हा म्हणजे व्हेन. चव टेस्ट, तपासणी टेस्ट. नर्सला हे सगळे शब्द एकाच पाळीत लागतात. पेशंटचं वजन घ्यायचं असतं, त्याला जरा थांबा म्हणायचं असतं, ड्रेसिंग ओलं झालंय का ते विचारायचं असतं. आपण तिन्ही सारखेच म्हणतो आणि समोर मराठी माणूस असला तर तो संदर्भावरून बिनचूक समजतो. म्हणूनच पुण्यात मला कधी कुणी अडवलं नव्हतं. तिथे ऐकणाराही माझ्यासारखंच इंग्रजी शिकलेला होता.

पुन्हा परीक्षा देण्याआधी मी क्लास बदलला. नव्या मॅडम कोट्टयमच्या, स्वतः बरीच वर्षं इंग्लंडमध्ये नर्स होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला एक रोल-प्ले कार्ड दिलं, दम्याच्या पेशंटला घरी सोडण्याआधी समजावून सांगायचं, एवढंच. मी बोलले, त्यांनी फोनवर रेकॉर्ड केलं आणि एकही चूक न काढता मला घरी पाठवलं. ते रेकॉर्डिंग त्यांनी इंग्लंडमधल्या एका ओळखीच्या बाईंना धाडलं. सूचना एकच होती, ऐकू येईल तेवढंच लिहा, अंदाज बांधू नका.

तो कागद परत आला तेव्हा मला पहिल्यांदा माझं इंग्रजी समोरच्याच्या कानाने दिसलं. मला वाटायचं माझा 'थ' वाईट आहे, 'ट' आणि 'ड' फार जड आहेत. तिथे एकही जागा कोरी नव्हती. कोरी होती ती भलतीकडेच. 'अलर्जिक'च्या जागी रेघ. 'कॅथेटर'च्या जागी रेघ. 'अस्थमा' दोनदा रेघ, तिसऱ्यांदा प्रश्नचिन्ह घालून लिहिलेला. 'पेन'च्या पुढे प्रश्नचिन्ह. आणि मी विचारलं होतं 'तुम्ही एकटे राहता का?', तिथे त्या बाईंनी लिहिलं होतं 'तुम्ही एकटे निघता का?' कारण माझा 'लिव्ह' त्यांना 'लीव्ह' ऐकू आला होता. घरी कोणी आहे का, हा डिस्चार्जच्या वेळचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. तोच दुसरा होऊन पोचला होता.

मॅडमनी हा प्रयोग कुठून उचलला तेही सांगितलं. मरे मनरो आणि ट्रेसी डर्विंग या कॅनडातल्या दोन अभ्यासकांनी १९९५ मध्ये असंच केलं होतं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांचं बोलणं इंग्रजी भाषकांना ऐकवायचं, त्यांना ते शब्दशः लिहायला लावायचं, आणि वेगळं विचारायचं की ॲक्सेंट किती जड वाटला. ज्या वाक्यांचा ॲक्सेंट फार जड वाटला, त्यांतलीही कितीतरी ऐकणाऱ्यांनी अचूक लिहून दाखवली. म्हणजे हेल जड असणं वेगळं आणि न कळणं वेगळं. माझ्या कागदावर तेच दिसत होतं. माझा मराठवाडी हेल त्या बाईंना पहिल्या वाक्यापासून जाणवला असणारच, पण त्याने त्यांचं काही अडलं नव्हतं. अडलं होतं ते मोजक्या ठिकाणी, आणि त्या जागा मोजता येतात, सुधारता येतात.

सगळ्यात मोठी जागा म्हणजे आघात. शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा, हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला त्याचं माप देतो. कुठे थोडा जोर पडतो, पण तो सरकला म्हणून अर्थ बदलत नाही की शब्द ओळखू येईनासा होत नाही. इंग्रजी कानाचं तसं नाही. तो शब्द शोधतो तो जोराच्या अक्षराला धरून. जोर चुकीच्या अक्षरावर पडला की त्याच्या डोक्यात भलताच शब्द उघडायला लागतो आणि तो सापडेपर्यंत आपण पुढच्या वाक्यावर गेलेलो असतो.

'ॲलर्जी'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'अलर्जिक'मध्ये दुसऱ्यावर. दोन्ही शब्द एकाच घरातले, मी दोन्हीकडे सारखाच जोर देत होते. 'कॅथेटर' मी मधल्या 'थे'वर ताणत होते. जोर हवा पहिल्या 'कॅ'वर आणि उरलेली दोन अक्षरं भुर्रकन जायला हवीत. 'थर्मॉमिटर'मध्ये 'मॉ'वर, 'डायबीटीज'मध्ये 'बी'वर, 'ॲब्डोमेन'मध्ये पहिल्यावर, 'ॲनेस्थेटिक'मध्ये 'थे'वर, पण भूल देणाऱ्या डॉक्टरला 'अनीस्थेटिस्ट' म्हणताना जोर मागे सरकून 'नी'वर. 'डिस्चार्ज' हे नाम असलं तर पहिल्या अक्षरावर, 'डिस्चार्ज करणं' या अर्थी आलं तर दुसऱ्यावर. 'ट्रान्सफर'चंही तसंच. काही शब्दांत तर अख्खं अक्षरच गळतं. इंग्लंडात 'मेडिसिन' बहुतेक जण 'मेडसन' म्हणतात, 'कम्फर्टेबल'चा 'कम्फ्टबल' होतो, 'अस्थमा'तला 'थ' उच्चारतच नाहीत, नुसता 'ॲस्मा'. माझ्या रेघा का पडल्या ते तेव्हा कळलं.

मॅडमनी मला एक वही करायला लावली. त्यात देवनागरीला बंदी. शब्द इंग्रजीत लिहायचा, खाली अक्षरांइतके ठिपके काढायचे, जोराच्या अक्षराखाली मोठा. शब्दकोशात जोराच्या अक्षराआधी वर एक छोटी उभी रेघ असते. इतकी वर्षं ती रेघ मी छपाईचा डाग असावा तशी ओलांडून पुढे जात होते. आता दर शब्दाला आधी तीच शोधायची. मग टेबलावर बोटाने ठोका देत शब्द म्हणायचा, मोठ्या ठिपक्यावर ठोका, बाकी अक्षरं त्याच्या मागेपुढे सैल. औषधांची नावं, तपासण्यांची नावं, शरीराच्या भागांची नावं असं करत वही भरली. आमच्या हॉस्टेलच्या खोलीत दुसऱ्या दोघी नाइट करून झोपलेल्या असायच्या, म्हणून मी ठोके उशीवर द्यायचे.

यात एक गोष्ट मला फार आवडली. जोर नसलेली अक्षरं इंग्रजीत ज्या स्वरावर येऊन पडतात, तो जवळजवळ आपला 'अ' आहे. बाराखडीतला पहिला, सगळ्यात साधा. स्पेलिंगमध्ये तिथे ए असेल, ई असेल, ओ असेल, तोंडातून बहुतेकदा 'अ'च येतो. जपानी किंवा स्पॅनिश बोलणाऱ्याला तो स्वर नव्याने शिकावा लागतो, आपल्याकडे तो जन्मापासून आहे. आपण तो वापरत नाही, कारण स्पेलिंग डोळ्यांसमोर नाचत असतं.

शब्दानंतर वाक्य. इंग्रजी वाक्यात अर्थाचे शब्द ठळक आणि जोडणीचे शब्द बारीक होतात. 'फॉर' नुसता 'फ' होतो, 'टू'चा 'ट', 'ॲन्ड'चा 'अन'. मला आधी हे घाईत बोलणाऱ्यांचं लक्षण वाटायचं, पण सावकाश बोलणारा इंग्रजही तसंच म्हणतो. आणि याचा एक धोक्याचा भाग नर्सने तर पाठच करावा असा आहे. 'यू कॅन ईट' आणि 'यू कान्ट ईट'. आपण दोन्हीकडे 'कॅन'वर सारखाच जोर देतो आणि दुसऱ्यातला शेवटचा 'ट' पुरता वाजत नाही. ऑपरेशनआधी उपाशी ठेवायच्या पेशंटला 'खाऊ शकता' ऐकू आलं तर? इंग्लंडमध्ये होकारातला शब्द बारीक होऊन 'कन' होतो, नकारातला लांब 'कान्ट'. फरक शेवटच्या 'ट'ने कळत नाही, स्वराने आणि जोराने कळतो. मॅडमनी मला त्याहून सुरक्षित वाट दाखवली. अशा ठिकाणी दुसरं वाक्यच म्हणायचं, 'प्लीज डोन्ट ईट ऑर ड्रिंक एनीथिंग', म्हणजे गोंधळाला जागाच नाही.

सुट्या आवाजांवर आम्ही त्या मानाने कमी वेळ दिला. एक ऱ्हस्व-दीर्घ. मराठीत आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहितो, शाळेत त्याचे मार्कही जातात, पण बोलताना लांबी बहुतेक शब्दातल्या जागेवर ठरते, शेवटचं अक्षर लांब आणि मधलं आखूड. 'दिन' आणि 'दीन' डोळे मिटून नुसते ऐकून वेगळे ओळखा म्हटलं तर आपल्याला कठीणच. इंग्रजीत 'लिव्ह' आणि 'लीव्ह' यांत मात्र लांबीशिवाय स्वराचा पोतही बदलतो. आखूड स्वराला तोंड सैल, लांब स्वराला ओठ ताणलेले. आरशासमोर उभं राहून तेवढं करत राहिले.

दुसरं आपलं 'व्ह'. व्हिडिओ, व्हॅन, व्हायरस हे आपण जिव्हाळ्यातल्या 'व्ह'ने म्हणतो, म्हणजे 'व'मध्ये 'ह'ची हवा मिसळून. आणि 'व्हॉट', 'व्हेन'लाही तेच. इंग्रजीत दोन वेगळे आवाज आहेत. एकात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात आणि ओठ थरथरतो, दुसऱ्यात दात कुठेच लागत नाहीत, ओठ गोल होतात. 'वुंड' म्हणजे जखम दुसऱ्या प्रकारातली, 'व्हेन' म्हणजे शीर पहिल्या. हे दिसायला सोपं आहे, पण बोलण्याच्या ओघात टिकायला महिने लागतात.

तिसरी गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. माझ्या 'पेन'पुढे प्रश्नचिन्ह का पडलं? मॅडमनी कागदाची एक पातळ पट्टी माझ्या ओठांसमोर धरली आणि 'पेन' म्हणायला लावलं. पट्टी हलली नाही. मग त्या स्वतः म्हणाल्या आणि पट्टी फडफडली. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला जोराच्या अक्षरात प, ट, क आले की त्यांच्यामागून हवेचा झोत येतो. आपला 'प' कोरडा असतो, म्हणून इंग्रजी कानाला तो कधीकधी 'ब'सारखा लागतो. 'पिल' म्हणालं तर 'बिल', 'कोट' म्हणालं तर 'गोट'. आपल्याला तर हा झोत बाराखडीतच मिळालेला आहे, ख आणि ठ म्हणताना आपण दुसरं काय करतो? जुन्या माणसांच्या तोंडचा 'फळ'मधला 'फ' आठवा, दोन्ही ओठ मिटून सोडलेला. 'पेन' म्हणताना त्याच्या निम्मा झोत पुरतो. ही एक युक्ती मी ज्या ज्या मुलीला सांगितली, तिला ती चटकन जमली.

'थ', 'ट', 'ड' यांना मॅडमनी हात लावू दिला नाही. जेनिफर जेन्किन्स या ब्रिटिश भाषाभ्यासक बाईंनी २००० साली मांडणी केली, की वेगवेगळ्या मातृभाषांचे लोक एकमेकांशी इंग्रजी बोलतात तेव्हा समजण्यासाठी काय लागतं आणि काय नाही. स्वरांची लांबी लागते, प-ट-क मधला झोत लागतो, वाक्यातला मुख्य जोर लागतो. इंग्रजांचा तो जीभ दातांत धरून म्हणायचा 'थ' लागत नाही. मॅडम म्हणायच्या, "वेळ थोडा आहे, तो जिथे पेशंट अडतो तिथे घाल."

आता ॲक्सेंटबद्दल. मी लातूरहून पुण्याला आले तेव्हा 'पानी', 'लोनी', 'आनी' म्हणायचे. त्यावर हॉस्टेलमध्ये हसणं झालं, नक्कल झाली. पण मी 'पानी' मागितलं म्हणून कुणी मला मीठ आणून दिलं नाही. पाणीच मिळालं. माझ्या बोलण्यात कमी काही नव्हतं, ऐकणाऱ्याच्या मनात उतरंड होती. हे मला इंग्रजी शिकताना फार उपयोगी पडलं. कुणी हसतं आहे की कुणाला कळत नाही आहे, हे दोन वेगळे प्रसंग आहेत. हसणाऱ्यासाठी मी माझा हेल का बदलावा? तो माझ्या गावचा आहे, माझ्या आईचा आहे. पण पेशंटला कळत नसेल तर तो त्याचा हक्क आहे आणि माझं काम आहे. उच्चारासाठी मी जिवापाड मेहनत घेतली ती या दुसऱ्या कारणासाठी. गोऱ्यांसारखं इंग्रजी बोलायला शिकवणारे क्लास मुलींकडून भरमसाट फी घेतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. मुलींचा वेळ 'आर' गुंडाळण्यात जातो आणि 'अलर्जिक' तसाच राहतो.

वैमानिकांच्या जगात हे फार आधी ठरलं, तेही किंमत मोजून. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं आणि कझाकस्तानचं विमान हवेत एकमेकांवर आदळलं, ३४९ माणसं गेली. कझाक विमानातल्यांचं इंग्रजी कच्चं असणं हे त्यामागचं एक कारण मानलं गेलं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक आणि नियंत्रकांसाठी इंग्रजीची पातळी ठरवायचं काम हाती घेतलं आणि २००८ पासून ती लागू झाली. सहा गोष्टी तपासतात, उच्चार त्यातली पहिली, आणि सहांपैकी सर्वांत कमी पातळी तीच तुमची पातळी. पण उत्तीर्णतेच्या चौथ्या पातळीचं वर्णन असं आहे की उच्चारावर मातृभाषेची छाप असली तरी चालेल, तिच्यामुळे समजायला अडचण फक्त कधीकधीच यावी. रेडिओवर तर तीनला मुद्दाम 'ट्री', पाचला 'फाइफ' आणि नऊला 'नायनर' म्हणतात. शुद्ध इंग्रजी म्हणून ते चूकच, पण खरखरीतून आकडा नीट पोचतो. ओईटीच्या स्पीकिंगच्या निकषांतही 'ॲक्सेंट' नावाचा निकष नाही. 'इंटेलिजिबिलिटी' आहे, म्हणजे बोललेलं किती कळतं.

परीक्षेबद्दल थोडक्यात. स्पीकिंगमध्ये दोन रोल-प्ले असतात, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे, त्याआधी कार्ड वाचायला तीन मिनिटं. समोर पेशंट किंवा नातेवाईक होऊन बसलेली व्यक्ती गुण देत नाही. रेकॉर्डिंग होतं आणि दुसरे परीक्षक ते ऐकून गुण देतात. म्हणजे तुमचा हसरा चेहरा, हातवारे यांतलं काहीच त्यांच्यापर्यंत जात नाही, फक्त आवाज जातो. वाचायच्या तीन मिनिटांत मी कार्डावरच्या मोठ्या शब्दांना पेन्सिलीने ठिपके दिले. या वेळी ३७० आले.

यॉर्कशायरमध्ये उतरल्यावर कळलं की निम्मंच काम झालंय. मी बोललेलं लोकांना कळत होतं, लोक बोललेलं मला कळत नव्हतं. आमच्या क्लासमधलं सगळं ऐकणं दक्षिण इंग्लंडच्या धाटणीचं. उत्तरेत 'कप', 'बस', 'ब्लड', 'लंच' यांतला स्वर आखूड 'उ'कडे झुकतो, 'कुप', 'बुस', 'ब्लुड', 'लुंच'. 'बाथ'मधला 'आ' आखूड होतो. समथिंगला 'सुमट', नथिंगला 'नाउट'. दुपारचं जेवण ते 'डिनर' आणि संध्याकाळचं जेवण ते 'टी'. पहिल्या आठवड्यात एका आजींनी "टी कधी येणार?" विचारलं आणि मी चहा घेऊन गेले. त्यांनी तो आनंदाने घेतला आणि मग जेवणाची ट्रॉली कुठाय ते विचारलं.

वॉर्ड वृद्धांचा होता. तिथे लोकरीच्या गिरणीत उमेदीची वर्षं घालवलेले एक आजोबा होते, कान बरेच गेलेले. वयाने जाणारं ऐकू येणं बहुतेकदा वरच्या पट्टीकडून जातं. स, फ, थ, ट असे बारीक आवाज आधी पुसट होतात, स्वर आणि ठोका जास्त काळ टिकतात. आजोबांना मोठ्याने ओरडून सांगितलं तरी कळायचं नाही. माझ्या बरोबरची तिथलीच हेल्थकेअर असिस्टंट त्यांच्या समोर बसायची, चेहऱ्यावर उजेड पडेल अशी, आणि साध्या आवाजात, एका वाक्यात एकच मुख्य शब्द उचलून बोलायची. आजोबा लगेच मान डोलवायचे. मी तसं करून पाहिलं. 'एनी पेन?' यातला 'पेन' झोत देऊन, लांब करून. "नाउट, लव्ह," आजोबा म्हणाले. टेबलावरच्या ठोक्यांचं काम इथे आलं. ज्याला व्यंजनं ऐकू येत नाहीत, त्याच्यासाठी जोराचं अक्षर हाच आधार.

त्याच असिस्टंटकडून मी कान तयार करून घेतले. ब्रेकमध्ये ती आपल्या शब्दांत बोलायची, मी वहीत टिपायचे. 'बॅडली' म्हणजे आजारी. 'इट्स गिव्हिंग मी जिप' म्हणजे दुखून हैराण केलंय. 'स्पेंड अ पेनी' म्हणजे लघवीला जायचंय, हे तर न कळून चालणारच नाही. एका बाईंनी मला सुरुवातीला "मला इकडचीच नर्स द्या, हिचं काही कळत नाही" असं सांगितलं होतं. मला लागलं. पण त्या केरळच्या नर्सलाही तेच म्हणाल्या आणि ग्लासगोहून आलेल्या डॉक्टरलाही. त्यांच्यापाशी मी घाई सोडली, वाक्य तोडून बोलायला लागले, दर वेळी त्यांच्याकडून परत वदवून घ्यायला लागले. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी मला नावाने हाक मारली.

सर्वांत अवघड फोन. ओठ दिसत नाहीत, मागे वॉर्डातला गलका. एकदा लॅबमधून एका पेशंटचे प्लेटलेट्स कळवायला फोन आला. इंग्लंडात आकडा हजार न जोडता सांगतात. मला 'फिफ्टी' ऐकू आल्यासारखं वाटलं, पण नक्की नव्हतं. पन्नास असतील तर एक हिशेब, पंधरा असतील तर रक्तस्रावाची धास्ती आणि डॉक्टरला तातडीने बोलवायचं. मी विचारलं, "फाइव्ह झिरो की वन फाइव्ह?" उत्तर आलं, "वन फाइव्ह." ते तसंच परत म्हणून दाखवलं, लिहिलं आणि डॉक्टरांना कळवलं. पुस्तकात शिकवतात की 'फिफ्टीन'मध्ये जोर शेवटी आणि 'फिफ्टी'मध्ये सुरुवातीला. ते खरं आहे, पण पुढे दुसरा शब्द आला की 'फिफ्टीन'चाही जोर मागे सरकतो, 'फिफ्टीन मिनिट्स' म्हणताना तो पहिल्या अक्षरावर जातो. म्हणजे इथे इंग्रजांचाही भरवसा नाही. उच्चार कितीही घासला तरी तेरापासून एकोणीसपर्यंतचे आकडे सुटे करून म्हणावेत आणि परत म्हणवून घ्यावेत. आमच्या वॉर्डात हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवायच्या वेळी, फिलिपिन्सची, नायजेरियाची, यॉर्कशायरची, सगळ्याच आता तसं म्हणतात.

मराठवाड्यातल्या चार-पाच मुली सध्या मला रेकॉर्डिंग पाठवतात. मी ती माझ्या त्या असिस्टंट मैत्रिणीला ऐकवते, ती चहा पिता पिता ऐकू येईल ते लिहून देते आणि मी कागदाचा फोटो परत पाठवते. नांदेडच्या एकीच्या परवाच्या कागदावर 'लिव्ह' बरोबर उतरला आहे, 'पेन'ही. 'कम्फर्टेबल' आणि 'डायालिसिस' अजून कोरे आहेत. या आठवड्यात तिला तेवढे दोनच दिले आहेत.